पिवळी चरबी

मृणालिनीला नोकरी लागली ती बीफ विकायची, आणि हे तिने घरी सांगितलं नाही.

घरी म्हणजे नवऱ्याला. प्रकाश दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता. २००८ च्या दिवाळीनंतर कंपनीने चालू टॉवरांची कामं जिथल्या तिथे थांबवली आणि नवीन वर्ष लागताच त्याला 'लाँग लीव्ह'वर बसवलं. व्हिसा चालू, हुद्दा चालू, पगार बंद. काढून टाकण्यापेक्षा बरं, असं जो तो म्हणत होता आणि ते खोटंही नव्हतं. अल कुसैसच्या त्यांच्या बिल्डिंगमधली कितीतरी बिऱ्हाडं तोवर सोफे-फ्रिज मिळेल त्या भावाला विकून परत गेली होती. प्रकाश मात्र रोज सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, दहा वर्षांच्या शुभ्राला शाळेच्या बसपर्यंत सोडायचा आणि लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर "आज जरा उशिरा निघायचंय" म्हणायचा. मग वर येऊन दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचा.

मृणालिनीने पुण्यात आहारशास्त्राची पदवी घेतली होती. लग्नाआधी एका हॉस्पिटलात डाएटिशियन म्हणून कामही केलं होतं. ते सगळं इतकं मागे पडलं होतं, की सीव्ही तयार करताना तिला स्वतःचाच हुद्दा परका वाटला. एका मोठ्या सुपरमार्केटला 'न्यूट्रिशन प्रमोटर' हवी होती. तिने अर्ज केला आणि तिला बोलावणं आलं.

तिथला मॅनेजर अहमद जॉर्डनचा होता. बोलायला गोड, चालायला भरभर. स्वयंपाक येतो का, एवढंच त्याने विचारलं आणि तिला दुकान दाखवायला निघाला. ओट्स आणि मधाच्या रांगा मागे पडल्या, ऑलिव्ह ऑइल मागे पडलं, आणि तो थांबला तो थेट मांसाच्या काचेच्या काउंटरपाशी. न्यूझीलंडहून ग्रास-फेड बीफ येतं, तो म्हणाला, जन्मभर कुरणात चरलेल्या जनावराचं. माल उत्तम आहे, पण जास्तीचे पैसे का मोजायचे ते गिऱ्हाइकाला कळत नाही. तिने ते समजावून सांगायचं आणि समोर छोट्या ग्रिलवर तुकडे भाजून द्यायचे. मग तिच्या सीव्हीवरचं नाव पुन्हा वाचून त्याने विचारलं, तुला काही अडचण नाही ना?

शुभ्राच्या शाळेने फीची दुसरी आठवण पाठवली होती. "नो प्रॉब्लेम," मृणालिनी म्हणाली, आणि ते शब्द इतक्या सहज निघाले याचंच तिला नवल वाटलं.

ती प्रकाशच्या व्हिसावर होती, त्यामुळे नोकरीसाठी त्याचं एनओसी लागलं. त्याने सही केली. हेल्थ फूड आहे, तिने सांगितलं, ओट्स, ऑलिव्ह ऑइल वगैरे. प्रकाशला बरं वाटलं. पुण्याला फोन करून त्याने आईलाही सांगितलं, की मृणालिनीच्या शिक्षणाचं शेवटी चीज झालं. शेजारी उभं राहून ती ते ऐकत होती.

पहिल्या दिवशी ती ग्रिलपासून हातभर लांब उभी होती. चिमट्याच्या टोकाने तुकडा उलटायची आणि मान बाजूला वळवायची. काउंटरमागे युसुफ नावाचा बुचर होता, श्रीवर्धनकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव त्याने वाचलं होतं. गिऱ्हाईक पांगल्यावर तो मराठीत म्हणाला, "ताई, भाजायचं तुम्ही बघा. मीठ-मिरी बरोबर आहे की नाही ते मी चाखून सांगतो. तुम्ही तोंडात घालायची काही गरज नाही."

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. पहिला तुकडा तो टूथपिकवर घ्यायचा, चावायचा, मान हलवायचा. कधी म्हणायचा, थोडं आधी उतरवा. मग ती गिऱ्हाइकांना द्यायची. या व्यवस्थेबद्दल दोघांनी पुन्हा शब्द काढला नाही आणि दुकानात दुसऱ्या कुणाला तिचा पत्ताही लागला नाही.

काम घेतलं तर नीट करायचं, हा तिचा स्वभाव होता. जे मिळेल ते तिने वाचून काढलं. हळूहळू तिचं बोलणं पाठांतरासारखं राहिलं नाही. गवतावर वाढलेल्या जनावराच्या अंगात मांसाच्या आतली चरबी कमी असते, ती सांगायची. ओमेगा-थ्री धान्यावर पोसलेल्यापेक्षा जास्त असतं, माशाइतकं नाही, पण जास्त. चरबीकडे बघा, ती थोडी पिवळसर असते, ओल्या गवतातला रंग उतरतो तो. आणि शिजवताना घाई करू नका. चरबी कमी म्हणून ते लवकर शिजतं आणि लवकर वातड होतं. फ्रिजमधून काढून आधी बाहेर ठेवा, आच मध्यम ठेवा, जरा कच्चं वाटतंय तोच उतरवा आणि झाकून ठेवा, मुरू द्या. नळीचं मांस असेल तर मंद आचेवर दुपारभर ठेवा. रोज खाऊ नका, थोडं खा, चांगलं खा. लोक ऐकायचे, विचारायचे, घ्यायचे. अहमद खूश होता. आपण सांगतो ते खरं आहे, याचं मृणालिनीला समाधान वाटायचं.

ते समाधान दुकानापुरतंच होतं. बसमध्ये बसली की हाताचा वास यायचा. घरी आल्या आल्या ती आंघोळ करायची, केस धुवायची, तरीही शुभ्रा एकदा जवळ येऊन म्हणाली, "आई, यू स्मेल लाइक बार्बेक्यू." तिने हसून वेळ मारून नेली. संध्याकाळचा दिवा लावायचं काम तिने शुभ्राकडे सोपवलं, सवय लागू दे म्हणून. प्रकाशला ते फार आवडलं. सासूबाईंचा फोन आला की ती आधी स्वयंपाकघराचं दार लोटायची, जणू काही फोनमधून काही दिसणार होतं. आपण खात तर नाही, ती मनाशी म्हणायची. पण खात नाही आणि दुसऱ्याला खा म्हणून सांगतो, हे जास्त वाईट की कमी वाईट, हे तिला ठरवता येत नव्हतं.

तिच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांत मैमुनाबी होत्या. मूळ दाभोळच्या, दुबईत येऊन तीस वर्षं झालेली, त्याच अल कुसैसमध्ये मुलाकडे राहणाऱ्या. नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी चरबी बंद केली आणि म्हाताऱ्याने गोश्त सोडणार नाही म्हणून हट्ट धरला. मृणालिनीने त्यांना सगळं नीट विचारलं होतं, औषधं, रिपोर्ट, खाण्याच्या वेळा. हे औषध नाही, तिने बजावलं होतं, पण खायचंच असेल तर हे खा, आठवड्यातून दोनदाच, तळहाताएवढं, वरची चरबी काढून, भाज्या घालून. मैमुनाबी दर गुरुवारी यायच्या. मुलाचाही पगार कापला गेला होता. वजनकाट्याकडे बघून त्या पुटपुटायच्या, एवढ्या दिरहमचे गावी किती रुपये झाले असते, आणि मग पिशवी उघडायच्या.

"महाग आहे गो," त्या म्हणायच्या. "पण तू सांगतेस म्हणून नेते."

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माल यायचा थांबला. मंदीत खप घटला होता, आयात करणाऱ्याने ऑर्डर पुढे ढकलली होती. अहमदने एक दिवस युसुफला आणि मृणालिनीला कोल्ड रूममध्ये बोलावलं. आत नवे खोके रचलेले होते. दुसऱ्या देशातला माल होता, गोठ्यात मक्यावर पोसलेल्या जनावरांचा. हलाल, ताजा, स्वच्छ, खायला काही वाईट नाही, अहमद म्हणाला, फक्त ग्रास-फेड नाही. न्यूझीलंडचा कंटेनर येईपर्यंत हाच ट्रेमध्ये ठेवायचा.

युसुफ म्हणाला, "मग 'ग्रास-फेड'चा बोर्ड काढून ठेवू?"

बोर्ड काढला तर ग्रिल कशाला हवा, अहमदने विचारलं. ग्रिल गेला तर ही बाई कशाला हवी? आणि खप आणखी उतरला तर हेड ऑफिस एवढे बुचर तरी कशाला ठेवेल? दोन आठवडे, हबीबी. कुणाला विष घालत नाही आपण. "यल्ला, खलास," चला, विषय संपला, असं म्हणून तो निघून गेला.

युसुफने एक खोका उघडला. चरबी पांढरी शुभ्र होती, खोबऱ्यासारखी. त्याने मृणालिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, दोनच आठवड्यांचा प्रश्न आहे. त्याने मान हलवली आणि सुरी घेतली.

दोन आठवड्यांचा महिना झाला, आणि महिना उलटून गेला. काचेच्या दिव्यांना थोडा पिवळा कागद लावला, की पांढरं तेवढं पांढरं दिसत नाही, हेही अहमदनेच शोधून काढलं. मृणालिनी रोज तेच बोलत होती. फक्त 'चरबीकडे बघा' एवढं वाक्य तिने गाळलं. बाकीचं तोंडात इतकं बसलेलं होतं की ते आपोआप बाहेर पडायचं, आणि ती स्वतःच ते लांबून ऐकत असल्यासारखी उभी राहायची.

गुरुवारी मैमुनाबी आल्या की ती उगाच ग्रिल पुसत राहायची. एकदा ती म्हणाली, "खाला, आज चिकन न्या ना. ताजं आलंय."

"नको गो. ते ऐकायचे नाहीत. म्हणतात, त्या पोरीनं सांगितलंय तेच आण, ती शिकलेली आहे." आणि त्यांनी नेहमीसारखं अर्धा किलो मागितलं. युसुफने ते कापलं, दिसली तेवढी सगळी चरबी काढून टाकली, अगदी बारीक रेघाही सुरीच्या टोकाने खरवडल्या, आणि पाकीट बांधून दिलं. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

तक्रार केली ती एका ऑस्ट्रेलियन माणसाने. तो गुराढोरांच्या फार्मवर वाढलेला होता. त्याने पाकीट घरी नेऊन उघडलं, फोटो काढले आणि हेड ऑफिसला ईमेल धाडली, की नगरपालिकेकडे जायच्या आधी तुम्हाला एक संधी देतो. दुसऱ्याच दिवशी हेड ऑफिसहून एचआरच्या बाई आल्या.

मृणालिनीला आत बोलावलं तेव्हा अहमद आधीच तिथे बसलेला होता. बुचरने खोके बदलले, बोर्ड बदलायला विसरला, की मुद्दाम विसरला ते माहीत नाही, असं तो सांगून मोकळा झाला होता. एचआरच्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी मृणालिनीची फाइल उघडली आणि म्हणाल्या, की तिचाही यात भाग निघाला तर नोकरी जाईल, आणि ती नवऱ्याच्या व्हिसावर असल्यामुळे कारणांसकट पत्र नवऱ्याच्या नावे जाईल. मग त्यांनी विचारलं, ट्रेमध्ये काय ठेवलं जात होतं याची तिला कल्पना होती का.

मृणालिनीला त्या क्षणी युसुफ आठवला नाही. आठवला तो प्रकाश, जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून ते पत्र वाचणारा. त्यातला एकच शब्द, बीफ. मग पुण्याचा फोन.

"ट्रे लावायचं काम बुचरी सेक्शनचं आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे शिजवायला येतं तेवढंच मी बघते."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. बाईंनी ते लिहून घेतलं. अहमदने खाली बघून पेन बंद केलं.

युसुफला त्याच दुपारी काढलं. फसवणूक म्हणून, म्हणजे नोटीस नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि वर लेबर बॅन, म्हणजे त्या देशात दुसरीकडे काम करायलाही बंदी. सिक्युरिटीचा माणूस त्याला मागच्या दाराकडे नेत होता तेव्हा वाट मृणालिनीच्या ग्रिलवरून जात होती. तिच्या हातात चिमटा होता. तिने मान वर केली नाही. युसुफ तिच्यासमोर आला, क्षणभर थबकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ताई, जळतंय."

खरंच जळत होतं. तिने तुकडा उचलला तोवर तो दाराबाहेर गेला होता.

त्या संध्याकाळी शुभ्रा खाली खेळायला गेल्यावर मृणालिनीने प्रकाशला सगळं सांगितलं. मुलाखतीपासून सुरुवात केली. बीफचं नाव निघताच प्रकाशचा चेहरा बदलला आणि पुढचं त्याने ऐकलं की नाही हे तिला कळेना. कंटेनर, पांढरी चरबी, एचआरच्या बाई, युसुफ, सगळं सांगून ती थांबली. मग त्याने विचारलं, "तू खाल्लंस?"

"नाही."

त्याने मोठा सुस्कारा सोडला. उठून तिच्याजवळ येऊन बसला. परिस्थितीच तशी होती, तो म्हणाला, चूक त्याचीच आहे, घरात पगार असता तर तिच्यावर ही पाळी आली नसती. त्याचे डोळे भरून आले होते. आईला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही, आणि स्वतःला त्रास करून घ्यायचा नाही. "झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही."

इतके महिने ती याच वाक्याची वाट बघत होती. ते मिळालं, आणि तिला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "आणि युसुफभाईंचं?"

"ते कंपनीचं कंपनी बघेल. तू कशाला त्यात पडतेस? तू खोटं थोडंच बोललीस."

मृणालिनीने त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता. त्याने तिला माफ केलं होतं, अगदी मोठ्या मनाने, पण भलत्याच गोष्टीसाठी. ज्याच्यासाठी ती आंघोळी करत होती, दिव्यापासून लांब राहत होती, त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. आणि ते लपवायला म्हणून तिने जे केलं, त्यात एका माणसाचं सगळं गेलं होतं.

"मी खोटंच बोलले, प्रकाश," ती म्हणाली. "मला शुक्रवारी त्यांच्या खोलीवर घेऊन चल."

प्रकाशने आढेवेढे घेतले. नोकरी जाईल, केस होईल, आपण परक्या मुलखात आहोत. ती प्रत्येकाला "हो" म्हणत राहिली. शेवटी तो कंटाळला, की त्याला काही उमगलं, कोण जाणे, पण शुक्रवारी सकाळी त्याने गाडी काढली.

कंपनीची खोली युसुफला रिकामी करावी लागली होती. गाववाल्यांबरोबर तो एका खोलीत तात्पुरता राहत होता, इंडस्ट्रियल भागात, गॅरेजांच्या मागे. सहा जणांच्या खोलीत भिंतीशी त्याची बॅग भरून ठेवलेली होती. त्याने दोघांना खाटेवर बसवलं, कुणाला तरी चहा आणायला पाठवलं.

मृणालिनी म्हणाली, "युसुफभाई, मला माहीत होतं असं मी सांगायला हवं होतं. मी माझी कातडी वाचवली."

"हो," युसुफ म्हणाला.

त्याने कप खाली ठेवला. मग त्याने आवाज न चढवता सांगितलं, "अहमदचं मला काही वाटलं नाही, मॅडम. साहेब लोक असंच करतात. आणि सुरी मीपण चालवली, मला माहीत होतं मी काय कापतोय. ती माझी चूक. पण त्या कोल्ड रूममध्ये आपण दोघं होतो ना? तुम्ही मला एकट्याला ठेवून बाहेर पडलात."

ताई म्हणायचं त्याने सोडलं होतं. ते तिला ऐकू आलं आणि तिने मान खाली घातली. माफी मागायचं तिने ठरवून आणलं होतं, पण समोर बसल्यावर ते शब्द तिला फार स्वस्त वाटले. तिने विचारलं, आता काय करता येईल.

युसुफने त्यावर आधीच विचार केलेला होता. लेबर ऑफिसात तक्रार घालता येते. पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? कोल्ड रूममध्ये अहमद काय बोलला हे दुसऱ्या कुणी सांगितलं, तर बॅन उठू शकतो. बॅन उठला तर इथेच दुसरीकडे काम बघता येईल. घरी मुलीचं कॉलेज चालू आहे, आत्ता हात हलवत जाऊन चालणार नाही. "येणार तुम्ही?" त्याने विचारलं, आणि त्याच्या स्वरावरून कळत होतं की ती येईल यावर त्याचा फारसा भरवसा नाही.

"येणार," मृणालिनी म्हणाली.

तिला लेबर ऑफिसात तीनदा जावं लागलं. पहिल्या खेपेला कंपनीचा माणूसच आला नाही. दुसऱ्या खेपेला आला आणि तिचं आधीचं म्हणणं तिच्यासमोर ठेवलं. अधिकाऱ्याने ते वाचून विचारलं, तेव्हा खरं बोलत होतीस की आता? भाषांतर करणारा माणूस थांबला होता. सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, आता देते. मग कोल्ड रूमपासून दिव्यांच्या पिवळ्या कागदापर्यंत तिने सगळं क्रमाने सांगितलं आणि त्यात स्वतःचं नाव जिथे जिथे येत होतं तिथे तिथे घेतलं.

प्रकाश तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर युसुफशेजारी बसला होता. परत येताना गाडीत त्याने सांगितलं, की आपल्यालाही कित्येक महिने पगार नाही, हे त्याने युसुफला सांगितलं. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्याने घराबाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा उच्चारलं होतं. युसुफ काय म्हणाला, तिने विचारलं. "काही नाही. अर्धी सिगारेट दिली. मी ओढत नाही, तरी घेतली."

कंपनीने प्रकरण वाढू दिलं नाही. बॅन उठला, युसुफचे अडवलेले पैसे मिळाले. अहमदची दुसऱ्या शाखेत बदली झाली, तीही बढतीवर, असं नंतर कानावर आलं. मृणालिनीकडून राजीनामा मागून घेतला. कारणांचं पत्र प्रकाशच्या नावे आलं खरं, पण त्याने ते उघडून न वाचताच खणात टाकलं.

एक काम उरलं होतं, आणि त्याला ती सगळ्यात जास्त घाबरत होती. एका गुरुवारी, ज्या वेळी मैमुनाबी दुकानात यायच्या त्या वेळी, ती त्यांच्या दारात उभी राहिली. म्हातारीने कौतुकाने आत घेतलं, दुकानात दिसली नाहीस म्हणून विचारपूस केली, सरबत दिलं. आतल्या खोलीतून चाचांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, खोकल्याचा आवाज येत होता. मृणालिनीने सरबताला हात न लावता सांगून टाकलं. किती दिवस, काय माल, आणि हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मैमुनाबींनी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "त्यांना त्यानं काही झालं असेल?"

इतक्या थोड्या खाण्याने तसं काही होणार नाही, मृणालिनी म्हणाली, चरबीही काढून दिलेली होती. पण तुम्ही माझ्या शब्दावर पैसे देत होतात आणि माझा शब्द खोटा होता.

"तू मला चिकन ने म्हणाली होतीस एकदा," मैमुनाबी हळूच म्हणाल्या. "तेव्हा सांगायचं होतंस. चिकन ने म्हणायला जीभ उचलली तुझी, एवढंच सांगायला नाही उचलली?"

आतून म्हाताऱ्याने कोण आलंय म्हणून हाक मारली. मैमुनाबींनी "कुणी नाही" म्हणून सांगितलं आणि सरबताचा भरलेला पेला उचलून मोरीत ओतला. मृणालिनी जायला उठली. दारापाशी त्यांनी तिला थांबवलं.

"आधी जे सांगायचीस, गवताचं, पिवळ्या चरबीचं, ते तरी खरं होतं?"

"ते खरं होतं."

"मग तोंडानं नको सांगूस. बाजारात चल नि दाखव."

पुढच्या गुरुवारी ती त्यांच्याबरोबर शारजाच्या मटण बाजारात गेली. नंतरच्याही गुरुवारी गेली. मैमुनाबी बसमध्ये तिच्याशी फारसं बोलायच्या नाहीत. बाजारात मृणालिनी गाळ्यागाळ्यासमोर उभी राहून विचारायची, जनावर कुठलं, काय खाऊन वाढलं, कागद आहे का. विक्रेते वैतागायचे. एकाने तर, तुम्ही हिंदू बायका कधीपासून गोश्त तपासायला लागलात, असं तिच्या कुंकवाकडे बघत हसून विचारलं. तिने हातमोजा न घालता तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, चरबीवरून अंगठा फिरवला आणि नाही म्हणून परत ठेवला. कधी चार गाळे फिरून एखादा खरा तुकडा मिळायचा. कधी मिळायचाच नाही, आणि मग दोघी मासे घेऊन परत यायच्या.

हे त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चाललं. मग प्रकाशला अबू धाबीत काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी, पण दर महिन्याला मिळणारा, आणि ते तिकडे राहायला गेले. निघायच्या आधी मृणालिनी मैमुनाबींना भेटायला गेली. त्यांनी तिला जेवायला बसवलं, तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण-भात आणि माशाचं कालवण केलं होतं. चाचा बाहेर येऊन बसले. हीच ती शिकलेली पोर का, त्यांनी विचारलं. मैमुनाबी म्हणाल्या, हो, हीच. त्यांनी नवऱ्याला काय सांगितलं होतं किंवा सांगितलंच नव्हतं, ते मृणालिनीला शेवटपर्यंत कळलं नाही.

अबू धाबीत तिला एका क्लिनिकमध्ये डाएटिशियनची जागा मिळाली. युसुफ तिथल्याच मुसफ्फा भागातल्या एका केटरिंग किचनमध्ये लागल्याचं प्रकाशकडून कळलं. त्या दोघांचा अधूनमधून फोन असायचा. ईदला तिने एकदा स्वतः फोन केला. युसुफ नीट बोलला. मुलगी बीएस्सी झाली, सांगितलं. शुभ्राची चौकशी केली. मग किचनमध्ये कुणीतरी हाक मारतंय म्हणाला आणि फोन ठेवला. मागे हाक वगैरे काही ऐकू आली नव्हती.

त्यानंतर पुष्कळदा तिने फोन हातात घेतला. पण हा फोन त्याच्यासाठी करायचाय की आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून, हे तिला दर वेळी स्वतःला विचारावं लागायचं, आणि उत्तर आलं की ती फोन खाली ठेवून पुढच्या पेशंटला आत बोलवायची.